तिपाईचा वाटा

मालवण,
१४ डिसेंबर १९५९

चिरंजीव सत्यवानास आनंदीमावशीचे आशीर्वाद. इकडील सर्व कुशल आहे, माझा उजवा खांदा आणि तुझा कॅमेरा सोडून. दोन्ही जागेवर आहेत, पण पूर्वीसारखे फिरत नाहीत. सूनबाईचा खोकला कमी झाला असेल अशी आशा आहे. नसल्यास तिला ओवा चघळायला दे आणि तुझी ती बाटलीतली औषधे बंद कर. तुझ्या आईला शस्त्रक्रियेआधी स्वस्थ पडून राहायला सांग. ती ऐकणार नाही, पण सांगितले होते असे आपल्याला म्हणता येईल. तुझ्या पोटाची चौकशी मी करत नाही. सात पानी पत्रे लिहिणाऱ्या माणसाचे पोट ठीकच असते.

आता मुद्दा. चंद्रावतीने (ती तुझी आई झाली त्याच्या पुष्कळ आधी माझी धाकटी बहीण होती, म्हणून नावानेच लिहिते) मागितले काय, तर देवबागच्या संगमाचा एक फोटो. डोळ्यांवरची पट्टी सुटली की पहिल्यांदा तोच बघायचा, असे तिने ठरवून टाकले आहे. एका डोळ्याची डॉक्टर खात्री देतात, दुसऱ्याची देत नाहीत, तेव्हा या हट्टाला नाही म्हणायची सोय नव्हती. लग्न होऊन नागपूरला गेल्यापासून ती इकडे फिरकलेली नाही. आधी मुले लहान, मग सासूबाई अंथरुणाला, मग येण्याची सवयच गेली. तिची अट एकच: नदी असावी, समुद्र असावा, मधली वाळूची जीभ असावी, आणि माणूस एकही नसावा. "माणसे नागपुरात पुष्कळ आहेत," असे तिने तुझ्याकडून लिहवून घेतले. मी हो म्हटले. मी हो म्हटले की ते होते, हे माझ्या हाताखाली शिकलेल्या कोणत्याही मुलीला विचार.

यात मध्येच तू पडलास. माझ्याकडे साधा पेटीचा कॅमेरा होता. शाळेच्या सगळ्या सहली मी त्यावर काढल्या आणि त्यातल्या मुली आजही ओळखू येतात. पण निसर्गदृश्याला तो चालत नाही, असे तुझे मत पडले. पहिल्या पत्रात तू छोट्या फिल्मच्या कॅमेऱ्याची शिफारस केलीस, कारण तो हलका. दुसऱ्या पत्रात तोच रद्द केलास, कारण छोटी फिल्म मोठी केली की वाळू आणि आभाळ सारखेच रवाळ दिसते. तिसऱ्यात घडीचा कॅमेरा सुचवलास. त्याला चामड्याचा भाता असतो आणि आमच्या घरात झुरळे असतात, एवढेच मी कळवले. (झुरळांचा काय संबंध, असे तू विचारलेस. माझ्या बी.ए.च्या पुस्तकांच्या बांधण्या त्यांनी खाल्ल्या आणि आतला मजकूर तसाच ठेवला. त्यांना चव कळते.) अखेर तू स्वतःचा दोन डोळ्यांचा कॅमेरा, लाकडी तिपाई, उजेड मोजायचे यंत्र आणि आभाळात ढग उठून दिसावेत म्हणून भिंगावर लावायची पिवळी काच, असे सगळे पार्सलने पाठवलेस, सोबत सूचनांची पाने. सकाळचा सोनेरी उजेड साधावा, असे त्यात चौथ्या पानावर आहे. फिल्म काळीपांढरी आहे, हे सहाव्या पानावर आहे. पिवळी काच वाटेत फुटली, त्यामुळे ढगांचा प्रश्न आपोआप मिटला.

तुझ्या कॅमेऱ्याचा मुख्य दोष मात्र तू एका ओळीत उरकला आहेस. त्यात वरून वाकून बघावे लागते, आणि डावे ते उजवे दिसते. तिपाई रोवण्याआधी जागा ठरवावी म्हणून मी तो गळ्यात अडकवून देवबागच्या वाळूवर हिंडत होते, तेव्हा लांबून बघणाऱ्याला मी लोणच्याच्या बरणीत तोंड घालून वास घेते आहे असे वाटले असणार. "बाईनु, आत काय पडला काय?" असे एका होडीवाल्याने आपुलकीने विचारलेसुद्धा. नदी जरा उजवीकडे यावी म्हणून मी सरकले, तर ती डावीकडे पळाली. मी तिच्या मागे गेले. काचेत चित्र उत्तम जमले तेव्हा मी गुडघाभर खाडीत उभी होते. मी पडले नाही. कोणी पडले असे सांगितले तर विश्वास ठेवू नकोस.

एवढ्यात बातमी पसरली. त्या दिवशी किनाऱ्यावर रापण लागायची होती. (सूनबाईसाठी सांगते: होडीतून मोठे जाळे समुद्रात अर्धगोल सोडतात, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर आणतात आणि मिळेल त्या माणसांनी ते ओढतात. दोराला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो कोणी का असेना.) म्हणजे सगळी वाडी आधीच वाळूवर हजर. रापणीचे पुढारी गुणाजी घरी जाऊन कोट चढवून आले. वर लग्नातला काळा कोट, खाली रोजची लंगोटी. फोटोत वरचाच अर्धा भाग येतो, ही त्यांची पक्की समजूत. "बाईनु, आमी खंय उबे ऱ्हवांव?" म्हणाले. कुठेच नाही, मला माणसे नको आहेत, असे मी स्पष्ट सांगितले. "माणसां नको? मगे फोटो कोणाचो?" समुद्राचा, म्हटले. गुणाजींनी वळून समुद्राकडे पाहिले. त्यात काही नवीन झाले आहे का, हे त्यांनी नीट तपासले. मग मला म्हणाले, "तो खंय जाता? तो हयच आसा. म्हातारो मी झालंय. माझो काढा."

मी काचेत बघून त्यांना डावीकडे सरकायला सांगितले. माणूस आज्ञाधारक. सरकला, आणि बरोबर चित्राच्या मध्यभागी आला. आणखी डावीकडे, म्हटले. तो आणखी जवळ आला. मी आवाज चढवला तसा तो भिंगाला खेटून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "तुमका मी होयो तर आसंय, फक्त तोंडान नको म्हणतास." (होयो म्हणजे हवा.) शेवटी त्यांचा एक फोटो काढून त्यांना मोकळे केले. ही चूक. एकाचा काढला की वाडीत सगळ्यांचा काढावा लागतो. नाहीतर उरलेल्यांचा तो अपमान. नथ एकच होती, ती पाच बायकांच्या नाकांवरून फिरली. एक कुटुंब मयत आजोबांची तसबीर घेऊन आले आणि त्यांना मधोमध धरून उभे राहिले. एकाला आपला बोकडही फोटोत हवा होता. त्याला पुढच्या वर्षी आण, असे मी मोठ्या मुश्किलीने पटवले. हे सगळे आवरेपर्यंत फिल्मवर एकच चित्र उरले आणि उन्हे डोक्याकडे सरकली.

हौसाबाई हे सगळे टोपलीवर बसून बघत होती. (मालवणच्या बाजारात मासळी विकते. लहानपणी आम्ही तिघी संगमावर खेकडे धरायला जात असू. धरायची ती, ओरडायची तुझी आई, घरी शिक्षा मला.) चंद्राची अट ऐकून ती भडकली. "तिका माणसां नको? लगीन होऊन जाताना ह्याच वाळयेर माझ्या गळ्यात पडान रडली, 'हौशे, तू पण चल' म्हणान. तेव्हा मी माणूस नव्हतंय?" आजारी माणसाची इच्छा आहे, असे मी म्हटले. "तिका सांग, डोळे बरे झाले की येऊन बघ. कागदार कित्याक बघतंस?" हौसाबाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी तिपाई वाळूत घट्ट रोवली, कॅमेरा वर चढवला, उजेड मोजला आणि वाट बघत बसले.

आणि ते घडले. पाण्यात बांगड्याचा थवा दिसला. आरोळी उठली, सगळे होडीकडे धावले, आणि माझ्यासमोर संगम अगदी रिकामा झाला. एक माणूस नाही, एक टोपली नाही. नदी, वाळू, लाट, आभाळ. आम्ही लहानपणी पाहिला तसाच. मी श्वास धरून चाप दाबला. असे चित्र तुमच्या नागपूरच्या फोटोमंडळात कोणी काढले नसेल. फिल्म संपली याचेही भान राहिले नाही. हुशारीने मी पुढच्या चित्रासाठी खटका ओढून ठेवला. आधी फिल्म गुंडाळावी, मग खटका ओढावा, हे तुझ्या पाचव्या पानावर आहे. मला आता ते पाठ आहे.

तेवढ्यात दोर किनाऱ्याला आले आणि हौसाबाई ओरडली, "आनंदे, बघतंस काय, हात लाव!" मला आनंदे म्हणणाऱ्या जगात आता दोघीच उरल्या आहेत, दुसरी तुझ्या घरात आहे. मी पदर खोचला आणि दोर धरला. जाळे जड होते. सुटा दोर घसरू लागला तेव्हा गुणाजींना जवळ रोवलेले जे दिसले त्याला त्यांनी वेढा मारला. ती तुझी तिपाई होती. ती कुरकुरली, मी ओढता ओढता मागे वळून किंचाळले, हौसाबाईने धावत जाऊन कॅमेऱ्याला पोरासारखी मिठी मारली, आणि त्या मिठीत चाप दाबला गेला.

रापण चांगली लागली. वाळूवर वाटे पडले तेव्हा माझा एक पडला, आणि शेजारी तिपाईचा. एकाने हरकत घेतली, की तिला पाय तीन असले तरी हात नाहीत. गुणाजींनी विचार करून निवाडा दिला: "दोर तेणा धरलो मां? हात नाय म्हणान अर्धो वाटो." अर्धा तर अर्धा. तिने मिळवलेले बांगडे मी खारवून सुकवले आहेत. ते पार्सलात आहेत. तिचा मालक तूच.

फिल्म इथल्या परशुरामाच्या स्टुडिओत धुवायला दिली. (त्याच्या स्टुडिओची मागची भिंत समुद्राला लागून आहे आणि पुढच्या भिंतीवर रंगवलेला पडदा आहे. पडद्यावर समुद्र आहे.) तो शेवटचे चित्र घेऊन खाली मान घालून आला. एकावर एक दोन फोटो पडले होते. माणसे ब्रशने पुसून टाकतो आणि मोकळ्या जागी एक हंस घालतो, असे म्हणाला. मी त्याला घरी पाठवले आणि चित्र उजेडात धरले.

संगम आहे. नदी, वाळू, लाट, सगळे जागच्या जागी, जरा कलते. आणि त्याच्यावर दोर ओढणारी ती सगळी माणसे, धुक्यासारखी. त्यांच्या अंगातून लाटा दिसतात. गुणाजींच्या कोटातून मागची वाळूची जीभ स्वच्छ दिसते. माणसे आहेत, पण त्यांनी समुद्र अडवलेला नाही. मी पुष्कळ वेळ बघत बसले. अट मोडली की पाळली, ते मला ठरवता आले नाही. चित्र पार्सलात, बांगड्यांपासून दूर, तेलकागदात गुंडाळले आहे. पट्टी सुटेपर्यंत कोणाला दाखवू नकोस.

आनंदीमावशी

ता. क. कॅमेरा अत्यंत गैरसोयीचा आहे, सबब परत पाठवत नाही. आणखी तीन रोल आणि एक पिवळी काच पाठव. ढग फार फिके येतात.

ता. क. मध्यभागी तोंड वासून किंचाळणारी, पदर खोचलेली जी बाई आहे, ती कोण हे तुझ्या मंडळातल्या कोणी विचारल्यास माहीत नाही म्हणावे. तुझ्या आईला सांगायची गरज पडणार नाही. एका डोळ्यानेसुद्धा ती मला ओळखील.

ता. क. हौसाबाई लिहायला सांगते, म्हणून लिहिते. माझे स्वतःचे काही म्हणणे नाही. रापणीच्या दोरावर तिने आपल्या आणि माझ्यामध्ये एका माणसाची जागा राखून ठेवली आहे, आणि तिथे दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. रापणी पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात. चंद्राला जाड चष्मा मिळाला की घेऊन ये.