पत्र्यावरचे धोंडे उतरवल्याबद्दल

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, संध्याकाळ

तीर्थस्वरूप खंडेराव मामांच्या चरणी विशाखाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आधी मेंढरं कशी आहेत ते कळवावं, मग मामी, मग तुमचा गुडघा. तुम्ही कुणाच्या घरी गेलात की याच क्रमानं विचारता, म्हणून मीही तसंच विचारते आहे. इकडे बाबा वाळूजच्या कारखान्यात पहिल्या पाळीत आहेत आणि ठीक आहेत. आई बरी आहे, म्हणजे चालते-फिरते, भाकरी करते, फक्त माझ्याशी गरजेपुरतं बोलते. काल दिवसभरात "मीठ घे" आणि "दार लाव" एवढी दोन वाक्यं झाली.

मी तुम्हाला नऊ वेळा फोन केला. नऊही वेळा मामीनं उचलला आणि तुम्ही मेंढरांत गेल्याचं सांगितलं. पाचव्या वेळी मागून तुमचाच आवाज आला, "कुणाचा हाय गं?" आणि मामी म्हणाली, "कंपनीचा हाय." (मला राग आला नाही. गेल्या दोन महिन्यांत मी घरात ज्या भाषेत बोलत होते, ती कंपनीचीच होती.) म्हणून पत्र लिहिते आहे. तुम्ही चौथीपर्यंतच शिकलात, पण हातात आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचता, पाकिटाची मागची बाजूसुद्धा सोडत नाही. माझी सगळी भिस्त त्यावर आहे.

सगळं कुठून सुरू झालं ते तुम्हाला नीट माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. मागच्या भाद्रपदात नाल्याचं पाणी आमच्या घरात शिरलं होतं. तेव्हा माझं बी.कॉम.चं प्रमाणपत्र (आपल्या दोन्ही घरांतलं पहिलंच, आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं होतं) पेटीतून निघून तरंगत तरंगत गॅसच्या शेगडीखाली जाऊन बसलं. ते वाळवताना मी ठरवलं की आता या घराला पूर आणि वादळ या दोन्हींपासून विम्याचं संरक्षण द्यायचं. कॉलेजात विमा हा मला विषयच होता. त्यात पहिलंच तत्त्व असं शिकवलं होतं की विमा घेणाऱ्यानं कंपनीपासून काही म्हणजे काही लपवायचं नाही. हे तत्त्व मला इतकं आवडलं होतं की मी ते वहीच्या पहिल्या पानावर हिरव्या शाईनं लिहिलं होतं.

त्यामुळे माझ्या वर्गातला इंद्रजीत, जो आता विमा एजंट आहे, तो फॉर्म घेऊन आला तेव्हा त्याचे हाल झाले. घरापासून पाणी किती लांब, असा एक प्रश्न होता. तो म्हणाला, "लिही ना, बराच लांब." मी बाहेर जाऊन पावलं मोजली आणि लिहिलं, "बावीस पावलं (माझी), अठरा (वडिलांची)." शेजारच्या मनकर्णाबाईंनी तर, मी नाल्याला कागदावर चक्क नाला म्हटलं म्हणून, आमच्याकडे दोन दिवस पाठ फिरवली. त्यांच्या मते सरकारदरबारी ते गटार आहे, म्हणजे सरकारनं बांधलेलं, आणि गटार म्हटलं की गल्लीची अब्रू राहते. मी कुणाचं ऐकलं नाही. मला वाटत होतं, खरं लिहिणारी या गल्लीत मी पहिलीच.

मग कंपनीनं घराचा फोटो मागितला, समोरून, छतासकट.

मामा, इथून पुढे लिहायला मला जड जातं आहे. आमच्या पत्र्यावर तुम्ही ठेवलेले सतरा धोंडे होते. ते ठेवताना तुम्ही अख्खा दिवस वर उभं राहून वारं कुठून येतं ते बघत होता आणि पश्चिमेच्या अंगाला सगळ्यात जड ठेवले होते, हे मला आठवतं, मी तेव्हा सातवीत होते. पण फोटोत ते धोंडे फार गरीब दिसत होते. कुणी घर बघायला येणार म्हटलं की आपण वाळत घातलेली गोधडी उचलतो, फुटका माठ मागे सरकवतो, तसंच मी केलं. शिडी लावली आणि एकेक करून सतराही खाली आणले. आईनं त्यांना चुना लावून तुळशीभोवती कड केली. फोटो असा देखणा आला की बाबांनी तो पाळीवरच्या सगळ्यांना दाखवला. ज्या मुलीनं नाल्याची पावलं मोजली होती, तिला धोंडे उतरवणं हेसुद्धा लपवणंच आहे, हे मात्र सुचलं नाही. खोटं फक्त शाईनं लिहिता येतं, असा माझा समज होता.

पॉलिसी आली. त्यानंतर मी धोंडे परत चढवणार होते, पण तुळशीभोवती ते शोभत होते आणि वरचा पत्रा शिकलेल्या माणसाच्या घरासारखा दिसत होता. अक्षय्य तृतीयेला तुम्ही जेवायला आलात, उंबऱ्यातच थांबून वर बघितलंत आणि विचारलंत, "विशे, धोंडे कुठं गेले गं?" मी तुम्हाला प्लॅस्टिकच्या पिशवीतून पॉलिसी काढून दाखवली. तुम्ही ती उलटसुलट बघितलीत, हातावर तोलून बघितलीत आणि म्हणालात, "कागद चांगला हाय. पर पत्र्यावर ठिवला तर उडंल की गं." सगळे हसले. मी हसले नाही. मी पाहुण्यांसमोर तुम्हाला पाऊण तास जोखीम म्हणजे काय ते समजावलं. तुमच्या ताटातली पुरणपोळी गार झाली. तुम्ही मान डोलावत होता आणि मला वाटत होतं तुम्हाला पटतं आहे.

रोहिणी लागल्या आणि तिसऱ्याच दिवशी दुपारी चार वाजता वारं सुटलं. ते पश्चिमेकडूनच आलं. पाच पत्रे गेले. एक मनकर्णाबाईंच्या लिंबात अडकला, एक रिक्षावर पडला (रिक्षात कुणी नव्हतं, देवाची कृपा), बाकीचे तीन अंगणात वाकून पडले. आई आणि मी कॉटखाली होतो. खरं सांगते, भीती वाटत असतानाही माझ्या मनात एक विचार आला की बरं झालं, विमा आहे. त्या विचाराची मला आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

कंपनीनं फोनवर बजावलं की त्यांचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, येऊन बघेपर्यंत कशालाही हात लावू नका. मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर "हात लावू नये" असं लिहून दारात टांगलं. आईला वाचता येत नाही, म्हणून तोंडीही सांगितलं. पण मामा, तुमची बहीण तुम्हाला माहीत आहे. पसरलेलं घर तिला बघवत नाही. मी पुरावा म्हणून अकरा फोटो काढले आणि अकराही फोटोंत आई झाडताना आली आहे. दुसऱ्या दिवशी ते वाकलेले पत्रे देऊन तिनं भंगारवाल्याकडून धुण्याची टोपली घेतली. "वाकलेलं लोखंड दारात ठिवलं तर लोक काय म्हणतील?" मी डोक्याला हात लावला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सर्व्हेअर साहेबांना आणायला स्टँडवर गेले आणि तेवढ्यात तुम्ही आलात. तुम्हाला कुणी फोन केला नव्हता, म्हणे बाजारात कुणाकडून तरी कळलं. दोघा भावबंदांना घेऊन, टेम्पोत पत्रे टाकून आलात, आणि मी साहेबांना घेऊन गल्लीत शिरले तेव्हा तुम्ही शेवटचा धोंडा पश्चिमेच्या अंगाला बसवत होता. चुना लावलेला होता, त्यामुळे लांबूनही दिसला. खाली आईनं सडा टाकून रांगोळी काढली होती, का तर साहेब येणार. साहेबांनी वर बघितलं, खाली बघितलं, फोटो बघितले आणि म्हणाले, "मॅडम, घर तर एकदम छान आहे. नुकसान कुठंय?" मनकर्णाबाई म्हणाल्या, "आता आमच्या लिंबात एक हाय, पर त्यो आम्ही देत नसतो."

आणि मग मी तुम्हाला जे बोलले ते बोलले. "कुणी बोलावलं होतं तुम्हाला? सगळा पुरावा नष्ट केलात!" इथवर कदाचित तुम्ही सोडून दिलं असतं. पण पुढचा तो "अडाणी" शब्द मी साहेबांसमोर, भावबंदांसमोर आणि आईसमोर उच्चारला. तुम्ही शिडीवरून सावकाश उतरलात, तुमचा गुडघा दुखत होता, हातोडी आईच्या हातात दिलीत, टोपी झटकलीत आणि गेलात. आईनं पिठलं-भाकरीचं ताट वाढलं होतं, ते तसंच राहिलं. तिनं ते उचललं नाही आणि मला उचलू दिलं नाही.

नवव्या फोनला मामीनं आपणहून सांगितलं की ते पत्रे तुमच्या मेंढरांच्या शेडचे होते. पाच काढलेत, त्यामुळे पिलं आता तुमच्या घरात आहेत आणि त्यातलं एक तुमच्या अंथरुणात झोपतं. मी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ वर बघत बसले. आमच्या डोक्यावर तुमच्या पिलांचं छत आहे आणि मी त्याला पुरावा नष्ट करणं म्हटलं होतं.

मामा, मला माफ करा. मी शिकले याचा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त अभिमान होता. त्या शिक्षणानं मी पहिला अपमान तुमचाच केला. यापेक्षा चांगलं वाक्य मला सुचत नाही.

मामीला नमस्कार. पिलांना आशीर्वाद.

तुमची भाची,
विशाखा

ता. क. सोबत एक कागद जोडला आहे. साहेब भले आहेत. ते म्हणाले की ज्यानं दुरुस्ती केली त्यानं "वादळात पाच पत्रे गेले होते, ते मी बसवले" एवढं सही करून दिलं तर दावा अजून उभा राहू शकतो. शुक्रवारपर्यंत हवा आहे. दावा मंजूर झाला तर पहिले पाच पत्रे तुमच्या शेडला, हे मी बाबांकडून कबूल करून घेतलं आहे. एवढ्यासाठी मी हे पत्र लिहिलं असं कृपया समजू नका. (काही लपवायचं नाही म्हणून सांगते, पहिली चार वाक्यं एवढ्यासाठीच लिहिली होती. मेंढरांची खुशालीसुद्धा त्यातच आली. पुढचं तसं नाही.)

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी आईला सगळं वाचून दाखवलं. ती तीन दिवसांत पहिल्यांदा सलग बोलली. म्हणाली, "माफी मागतीस का सही मागतीस? एका टायमाला एकच माग." मला पटलं. कागद काढून घेतला आहे, पाकिटात शोधू नका. दावा गेला तर जाऊ दे. साळवेंच्या दुकानात मला हिशेबनिसाची नोकरी लागली आहे, आषाढात पगार होईल, पत्रे त्यातून घेईन.

ता. क. तिसरा. पाकीट जाड लागलं म्हणून उघडून बघितलं. बाबांनी कागद परत आत घातला आहे, वर पेननं "खंडूभाऊ, बघा" असं लिहून. आता काढत नाही. सही करायची तर करा, नाही करायची तर चूल पेटवा, मी विचारणार नाही. फक्त सही केलीत तर कागद पोस्टानं पाठवू नका. पोस्टानं आला तर मी तो घेणार नाही, पोस्टमनला तसं आत्ताच सांगून ठेवते. स्वतः घेऊन या आणि जेवायच्या वेळेला या.