बिल्बैसमधलं माझं दुसरं घर

आदरणीय हाजी रऊफदादा यांस,
झगाझिगहून वफीकचा सलाम.

तुम्ही, वहिनी आणि मुलंबाळं सुखरूप असाल, नव्या मलमाने तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल आणि ईदची सुट्टी संपून दमिएटात तुमचा फर्निचरचा कारखाना पुन्हा मार्गी लागला असेल, अशी आशा करतो. इकडे सगळ्यांची तब्येत ठीक आहे. तुमची बहीण इनायत माझ्याशी पुन्हा बोलू लागली आहे. मध्यंतरी ती का बोलत नव्हती, हे तिने तुम्हाला फोनवर सांगितलंच असेल (तिने सांगितलेलं सगळं खरं आहे, फक्त ते माझ्याबद्दल नाही), म्हणून माझी बाजू एकदा सविस्तर लिहून कळवणं मला भाग आहे.

झालं असं, की आपल्या इंजीने दवाखान्यासाठी लोणच्यांच्या दुकानावरची ती खोली घेतली, पाटीही रंगवून आणली, पण दातांच्या डॉक्टरला खुर्ची लागते आणि त्या खुर्चीची किंमत ऐकून माणसाने त्याच खुर्चीत आडवं व्हावं अशी असते. मी म्हटलं, काळजी कशाला, बँक कशासाठी आहे? इतकी वर्षं भूगोल शिकवतोय, एक हप्ता कधी चुकवला नाही, पगार त्याच बँकेत येतो. कर्जाचा अर्ज मी अगदी रुबाबात केला (टायसुद्धा लावला होता, इनायत हसली). बँकेने नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाले, तुमचा पतअहवाल मागवा आणि घरी निवांत बसून वाचा.

मी तो निवांत वाचला नाही. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर वाचला, इथेच चुकलं. माझ्या नावावर एक टुकटुक रिक्षा होती, भला मोठा टीव्ही होता, गॅसची शेगडी, नवरीचा पलंग कपाटासकट, आणि कपडे धुण्याचं मशीन. सगळं हप्त्यांवर आणि सगळे हप्ते थकलेले. राहण्याचा पत्ता, बिल्बैस. इंजी म्हणाली, बाबा, टुकटुक तरी दाखवायचीत. इनायतने चष्मा मागवला, कागद माझ्या हातातून घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. तिला टुकटुकीशी काही घेणंदेणं नव्हतं. ती एकच वाक्य बोलली. "तिला ऑटोमॅटिक घेऊन दिलंत, आणि मला अजून हाताने पिळायला लावता." त्यानंतर घरात मुलूखियाची पातळ भाजी शिजली, पण माझ्या ताटापर्यंत ती इंजीच्या हातून यायची.

मी लगेच तक्रार केली. पत नोंदवणाऱ्या कैरोतल्या कंपनीला ओळखपत्राची प्रत, पगाराचा दाखला आणि शाळेच्या मुख्याध्यापकांचं मी सज्जन असल्याचं पत्र पाठवलं (ते कुणी मागितलं नव्हतं). काही दिवसांनी उत्तर आलं, की हप्त्यांवर वस्तू देणाऱ्या कंपनीने स्वतः वफीक हुसैन अल-दीब यांना फोन करून चौकशी केली, त्यांनी ही सर्व कर्जं आपलीच असल्याचं मान्य केलं, सबब नोंद बरोबर आहे. दादा, मला असा कुठलाच फोन आला नव्हता. पण हे इनायतला पटवून द्यायला गेलो, तर ती म्हणाली, फोन तिथल्या घरी आला असेल.

तेव्हा मी ठरवलं, बिल्बैसला जायचं. इनायत म्हणाली मीही येते. मिनीबसमध्ये ती माझ्यापासून लांबच्या बाकावर बसली आणि शेजारच्या बाईला सगळी हकीकत सांगितली, त्यामुळे उतरताना अख्खी गाडी माझ्याकडे बघत होती. पत्त्यावरचं दार एका बाईंनी उघडलं. वफीक हुसैन अल-दीब इथेच राहतात का, असं इनायतने विचारलं, आणि त्या म्हणाल्या, हो, माझे यजमान. इनायतने वळून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. सुदैवाने तेवढ्यात आतून यजमान आले. आडदांड शरीर, भरघोस मिशा, गळ्यात लग्नाच्या रोषणाईच्या माळा. हा लग्नांत दिवे आणि मांडव लावतो. नाव माझंच, बापाचं नावही तेच, आडनावही तेच. मी ओळख करून दिली तर त्याला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

चहा पिता पिता सगळा उलगडा झाला. कुणीतरी कधीतरी आम्हा दोघांची खाती उलटसुलट चिकटवली होती. त्याची थकबाकी माझ्याकडे आली आणि माझी सचोटी त्याच्याकडे गेली. इतकी वर्षं बँका आपल्याला फोन करून इतक्या अदबीने का बोलतात, याचं त्याला कोडं होतं. वडिलांची पुण्याई असेल, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. बिचारा बदमाश नाही, दादा. दोन मोसम लग्नं कमी झाली आणि हप्ते तुंबले. आता मात्र बँकेने त्याला मालवाहू गाडीसाठी कर्ज मंजूर करत आणलं होतं, माझ्या सचोटीवर. गुरुवारी सही व्हायची होती. तो हळूच म्हणाला, "उस्ताद, तेवढा गुरुवार जाऊ द्या. मग मी स्वतः येऊन तुम्हाला सगळं परत करतो."

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, समोरच्याने चहा पाजला की मला नाही म्हणता येत नाही. इनायत त्या धुण्याच्या मशीनकडे बघत होती (ते बंद पडलं होतं आणि त्यावर कांद्यांची टोपली ठेवली होती). बोलली ती त्याची बायको, सनिय्या. ती नवऱ्याला म्हणाली, "दुसऱ्याच्या नावावर गाडी नको. तिच्यात आपली मुलं बसणार आहेत." एवढं बोलून ती साखर आणायला आत गेली. तो बराच वेळ गळ्यातल्या माळा गुंडाळत बसला, मग म्हणाला, कैरोला कधी जायचं?

त्याच आठवड्यात आम्ही दोघे कैरोत, पत नोंदवणाऱ्या त्या कंपनीच्या कचेरीत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी वफीक हुसैन अल-दीब असं पुकारलं, दोघेही उठलो, आणि पुढचं काम सोपं झालं. दोघांची ओळखपत्रं शेजारी ठेवल्यावर ज्याचं त्याला मिळालं. त्याची मालवाहू गाडी मात्र हुकली. तिथून तो हप्त्यांच्या कंपनीत गेला, मीही सोबत गेलो, आणि थकलेले हप्ते लहान करून मिळाले. परतीच्या गाडीतून उतरताना तो म्हणाला, मुलीचा दवाखाना उघडेल तेव्हा रोषणाई माझ्याकडून. मला त्याच्याकडे बघवेना. इनायत हल्ली सनिय्याशी फोनवर माझ्याशी बोलते त्यापेक्षा जास्त बोलते.

असो. तुमची ख्यालीखुशाली कळवा. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
वफीक

ता. क. : नवा अहवाल काल आला. सगळं लख्ख आहे, फक्त शेवटची एक ओळ राहिली आहे. तुम्ही कारखान्यासाठी लाकडाला रंधा मारायचं यंत्र घेतलंत आणि मी जामीन राहिलो, त्याचे हप्ते रमजानपासून भरलेले दिसत नाहीत. हीसुद्धा चूक असेल म्हणून मी काउंटरवरच्या त्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ही चूक नाही. तेवढी ओळ मिटली की बँक खुर्चीचे पैसे देईल. तुमच्या सवडीने बघा.

आणखी ता. क. : दादा, मी इनायत. यांनी सवडीने असं लिहिलंय, ते खोडा. रविवारपर्यंत भरा. वहिनींना मी अजून काही बोलले नाही.