पुसलेला बोळ

सोलापूर,
ता. ९ डिसेंबर १९२९

तीर्थस्वरूप शरणप्पा अण्णांस,
धाकट्या बहिणीचे शरणु शरणार्थी. वि. वि. तुमचे पत्र पोचले. कुर्डुवाडीचे घर बांधून झाले, चहूबाजूंनी खिडक्या ठेवल्या, हे वाचले. वहिनींना उजेडाची हौस पहिल्यापासूनच. इकडे थंडी पडली आहे. ह्यांचे गिरणीतले काम चालू आहे.

घरभरणीला ये म्हणता. मी येणार नाही. कारण लिहिणार नव्हते, पण तुम्ही खोदून खोदून विचाराल, म्हणून लिहिते.

आमच्या ह्या चाळीचा नकाशा तुम्ही आमच्याच जुन्या ओसरीवर बसून काढलात, आठवते? खोल्यांच्या दोन ओळींमध्ये बोळ होता. माझ्या निंगव्वाने विचारले, "मामा, ही गल्ली कशाला?" तुम्ही म्हणालात, "वाऱ्याला जायला-यायला." पोर दिवसभर शेजारीपाजारी वाऱ्याची गल्ली सांगत फिरली. मग चाळीचे मालक शेटजी म्हणाले, बोळाला भाडे येत नाही. तुम्ही मान हलवलीत आणि बोळ पुसून टाकलात. खोल्या पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. ओव्हरसिअर भावाची चाळ, म्हणून पहिली खोली आम्हीच घेतली.

एक दार, खिडकी नाही. चूल पेटली की धुरात आम्ही आणि आमच्यात धूर. पावसाळ्यात निंगव्वा खोकू लागली. डॉक्टर म्हणाले, औषधापेक्षा हिला हवा-उजेड द्या. कुठून देऊ? मुनिमाकडे खिडकी मागितली, तर म्हणाला, "नकाशात न्हाय की बाई." तुमचा नकाशा, अण्णा. फार चोख काढलात.

शेवटी ह्यांनी पहार आणून मागची भिंत फोडली. वारा येईल म्हणून पोर भोकाला तोंड लावून बसली. वारा कुठला? पलीकडे काशम्माची खोली, तशीच काळोखी, आणि तिचा नवरा खोकत पडलेला. ते ऐकून निंगव्वा म्हणाली, "अव्वा, तिकडं बी मीच खोकतीया का गं?" मला हसू आले. त्या हसण्याचा आता रोज राग येतो.

तुम्ही लिहिता, निंगव्वाला आधी पाठव, कलश तिच्या हाती द्यायचा आहे. अण्णा, दिवाळीनंतर तिला माती दिली. तुम्हाला मुद्दामच कळवले नाही. तुम्ही आला असता, रडला असता, आणि समजूत मलाच काढावी लागली असती. तिची जागा मोकळ्या माळावर आहे. तिथे वारा भरपूर.

भिंतीतले भोक काशम्माने आणि मी बुजवू दिलेले नाही. मुनीम ओरडून गेला. हवा येत नाही त्यातून, पण तिच्या नवऱ्याला उबळ आली की ती हाक मारते आणि मी पाणी देते.

घरभरणीला कलश दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. वहिनींना नमस्कार.

तुम्ही पुसलेल्या बोळाच्या जागी राहणारी,
शिवम्मा