अर्धा मीटर

कळमनुरी,
शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५

निलम बेटा,

खुशाल असशील. जावईबापूंना नमस्कार, आरोहीला गोड पापा. इकडं सगळं बरं. माझे गुडघे कुरकुरतात अन् आमच्या घरच्या, तुझ्या मनकर्णाकाकू, माझ्यावर कुरकुरतात. मास्तर रिटायर झाला की घरात कुठंबी बसला तरी मधीच येतो म्हणे.

तुला तीनदा फोन लावला अन् घंटी वाजायच्या आत कापला. तोंडानं जमंना, म्हणून कागद घेतला.

परवा बाजारात आरोहीच्या शाळेतली निता मॅडम भेटली. तीबी माझीच विद्यार्थिनी. म्हणाली, "सर, आरोही सहावीतच हर्डलला लई भारी पळून राहिली. पण निलमताई फॉर्मवर सही करीना. म्हणे, आमच्या रक्तातच भेव हाय. मी बिचकले, हीबी बिचकंल." फॉर्म सोमवारी जायचेत. मी भाजी तशीच दुकानावर ठेवून घरी आलो.

तुझी हर्डलं मीच बांबूची बांधली होती. एका महिन्यात तू दोन हर्डलांमध्ये तीन पावलं बसवलीस. तीनच, कमी न्हाई जास्त न्हाई. मी साऱ्या कळमनुरीला सांगत फिरायचो. तालुक्याला पहिली, जिल्ह्याला पहिली! दोन्हीकडं मैदान आखणारा मीच. विभागात धावणाऱ्या दोघीच होत्या, तिथं तू ठेचकाळत पहिली आलीस. तेव्हाच माझी ट्यूब पेटायला पाहिजे होती. कशाची पेटते!

राज्याला तिसऱ्या हर्डलवर पडलीस. गुडघा फुटला. परत आलो तर तुझे बापू, उत्तमसिंग, अर्धा तांडा घेऊन स्टँडवर उभे. "गुरुजी, काय झालं?" मी उचलली जीभ, लावली टाळ्याला. "काय होणार, पोरगी बिचकली." तुझ्यादेखत म्हणालो. त्यानंतर तू मैदानावर आली न्हाईस अन् मीबी बोलवायला आलो न्हाई. दोन वर्षांत तुझं लग्न झालं.

इथपर्यंत तुला ठाऊक आहे. पुढचं फक्त मला ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी मी शाळेची मोजायची टेप काढली. तिचं टोक तुटलेलं होतं, सुरुवातीचा अर्धा मीटर गायब. खो-खोचं मैदान आखताना मी अर्धा मीटर वाढवून धरायचो. हर्डलला विसरलो. दोन हर्डलांत साडेआठ मीटर लागतात, मी तुला दोन वर्षं आठावर पळवलं. खऱ्या मैदानावर तुझी तीन पावलं पुरणार कशी? तू बिचकली नव्हतीस गं. माझं माप चुकलं होतं.

अन् मी काय केलं? ती टेप कपाटात कोंबली, नवी मागवली. चूक कुणाकडूनबी होते. चौदा वर्षं गप बसलो ती चूक न्हाई, ती हरामखोरी. मास्तरला मोजता येईना असं लोक म्हणतील, एवढंच भेव होतं मला. तेवढ्यापायी तुझं मैदान गेलं. तू किती पुढं गेली असतीस, हे आता कोण सांगणार? मी तर तोंड वर करून म्हणूच शकत न्हाई.

काल तांड्यावर जाऊन बापूंना सगळं सांगितलं. शिव्या खायच्या तयारीनंच गेलो होतो. त्यांनी एक शिवी दिली न्हाई. म्हणाले, "गुरुजी, मी लेकीला चौदा वर्षं बिचकी म्हणून राहिलो. तिच्या पोरीसमोरबी म्हणलं."

मी म्हणालो, चला, दोघं हिंगोलीला जाऊ, मी तिचे पाय धरतो. तर म्हणाले, "तुमी नका येऊ. मी जातो. पण मला बोलता येणार न्हाई, तुमी लिहून द्या."

म्हणून हे पत्र त्यांच्याच हाती देतोय. त्यांना वाचता येत न्हाई, पण यात काय लिहिलंय ते त्यांना ठाऊक आहे. तू कितीबी म्हणलीस तरी वाचून होईपर्यंत ते उंबऱ्याबाहेरच उभे राहतील. तसंच ठरवून निघालेत.

आरोहीला अडवू नकोस. मला माफ न्हाई केलंस तरी माझी तक्रार न्हाई.

बापूंना तेवढं आत घे.

तुझा गुन्हेगार,
भागवत