मुंगळ्याला पाळणाघरातून काढल्याबद्दल

ता. ३ ऑगस्ट

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. तुझ्या धाकट्या बहिणीने, म्हणजे माझ्या सख्ख्या आईने, माझ्या मुलाला तिच्या पाळणाघरातून काढलं. महिनाअखेरपर्यंत दुसरी सोय बघ म्हणाली. परक्यांना सांगते तसंच, दारात उभं राहून, पदराला हात पुसत.

कारण काय, तर मुंगळा पुन्हा चावला. वकीलबाईंच्या मुलीला, दंडाला. एकदा चावलं तर समज, पुन्हा चावलं की मूल घरी, हा आईचा नियम तुला माहीतच आहे. मी म्हटलं, आमचाच कशावरून? घरात एवढी पोरं, दात सगळ्यांनाच आहेत. तर आईने त्या मुलीची बाही वर करून दंड दाखवला. मावशी, मी दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवते. पुढच्या दोन दातांमधली ती फट मी झोपेतसुद्धा ओळखेन.

पण नातू आहे ना तिचा? नवरा फिरतीवर, मी कामावर जायचं कसं, याचा विचार नको? आईला गिऱ्हाईक मोठं, नातू नाही. मी त्याला त्याच पावली घेऊन आले. आता रविवारीसुद्धा तिच्याकडे पाठवणार नाही. सांग तिला.

लोभ असावा, आणि या खेपेला माझ्या बाजूने असावा.

तुझी भाची


ता. ८ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पोरीचं पत्र आलं. ठिकठिकाणी शाई फुटली आहे. म्हणजे एक तर रडत लिहिलंय, नाहीतर पेन तुझ्याकडून नेलेलं आहे.

अगं, मुंगळा हे नाव तूच ठेवलंस. पोपट ठेवलं असतंस तर बोलला असता. मी हॉस्पिटलात उभा जन्म काढला. माणसं चावतात, चांगली शुद्धीवर असलेलीसुद्धा चावतात. आम्ही काही त्यांना घरी पाठवत नव्हतो. उलट ठेवून घ्यायचो.

तू लेकीच्या लेकाला बाहेर काढलंस, ते वकीलबाईंना भिऊन, हे काही मला पटत नाही. तू लहानपणी कुत्र्यालासुद्धा भीत नव्हतीस. तेव्हा खरं काय ते लिही. नियम मला सांगू नकोस. मी तुझी ताई आहे, पालक नाही.

लोभ आहेच. सध्या दोघींत वाटावा लागतोय, एवढंच.

तुझी ताई


ता. १३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पेन माझंच. परत मागू नये असं ठरवलं आहे.

तुला माहीत आहे, पोरं घरात असतात तोवर मी कुणाची आजी नसते. मुंगळ्यालाही सगळ्यांसारखं काकू म्हणायला शिकवलं. नातवाचे लाड होतात आणि आमच्या पोरांना कुणी विचारत नाही, असं कुणी म्हणायला नको. म्हणून खाऊ त्याला शेवटी, झोका शेवटी, मांडी शेवटी. आणि शेवट येईपर्यंत संध्याकाळ होते, आई न्यायला येते. मला आपलं वाटायचं, किती सरळ वागते मी.

मग लक्षात आलं की तो खेळण्यासाठी चावत नाही. कुणी ढकललं तरी चावत नाही. माझ्या मांडीवर जे मूल असेल, त्यालाच चावतो. त्या दिवशी वकीलबाईंच्या मुलीला झोप येईना, मी थोपटत होते. हा पलीकडून चालत आला, शांतपणे चावला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. रडलाही नाही. ताई, त्याला आजी पाहिजे होती आणि मी त्याला काकू देत होते. पाळणाघरं या गल्लीत आणखी आहेत. जवळ राहणारी आजी मी एकटीच आहे. म्हणून काढलं.

हे सांगायला लेकीच्या घरी गेले, तर तिने दार उघडलं, मला पाहिलं आणि लावून घेतलं. आता पाळणाघरातही तो नाही आणि घरातही नाही. मला तो हवाय गं. तुझं ती ऐकेल. तू लिही.

लोभ कमी झाला असल्यास हे वाचून पूर्ववत करावा.

तुझी धाकटी


ता. १७ ऑगस्ट

चि. भाचीस,
अ. उ. आ.

तुझ्या आईचं पत्र सोबत पाठवते आहे. चोरून नाही. तिला विचारलेलं नाही, इतकंच. वाच, आणि दार लावायची सवय सोड. बिजागऱ्या महाग आहेत.

लोभ वगैरे नंतर. आधी उत्तर.

मावशी


ता. २२ ऑगस्ट

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

वाचलं. दोनदा वाचलं.

मावशी, मीसुद्धा त्याच घरात वाढले. पोरं असेपर्यंत मीही तिला काकूच म्हणायचे. मलाही सगळं शेवटी मिळायचं. मी चावले नाही, एवढाच फरक. तेव्हा मला सगळे गुणी म्हणायचे.

मुंगळ्याला पलीकडच्या बाईंच्या पाळणाघरात ठेवलंय. तिथे तो कुणालाही चावत नाही, त्या बाई त्याचं फार कौतुक करतात. याचा आनंद मानावा की राग, ते कळत नाही. रविवारी त्याला आईकडे नेते. मी मात्र तिच्याशी बोलणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

लोभ असावा. बाजू तुला आवडेल ती घे.

तुझी भाची


ता. २७ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझं पत्र तू तिला पाठवलंस. त्याबद्दल भेटल्यावर बोलू.

रविवारी आले दोघं. लेक न बोलायचं ठरवून आलेली, म्हणून खुर्चीत बसून पेपर वाचत होती. कालचा. मुंगळ्याने आधी सगळं घर तपासलं. पलंगाखाली, पडद्यामागे, बाथरूममध्ये. पोरं कुठे गेली म्हणून विचारलं. मी म्हटलं, आज सुट्टी, आज तू एकटाच. विश्वास बसला नसावा, कारण पुन्हा बाथरूम बघून आला. मग समोर उभा राहिला आणि म्हणाला, “काकू, आता माझा नंबर?”

मी नुसती मान हलवली. मांडीवर चढला आणि बसला. खेळणं मागितलं नाही, गोष्ट मागितली नाही. मधूनमधून दाराकडे बघायचा, कुणी येतंय का ते. असा किती वेळ बसला कोण जाणे. माझे पाय बधिर झाले, पण त्याला उठवायची छाती होईना.

पेपर केव्हाच खाली आला होता. इतक्या दिवसांनी लेक पहिलं वाक्य बोलली ते हे: “त्याचं झालं की माझा.”

पस्तिशीची बाई, ताई, चष्मा लागलेली. मी म्हटलं, थांबू नकोस, दुसऱ्या मांडीवर ये.

आली.

लोभाची इथे सध्या टंचाई नाही, तरी तुझा असू द्यावा.

तुझी धाकटी