ब्रेक तापलेत

२७ एप्रिल, रविवार

योनास तिसरा! टीव्हीवर आमच्या आमूचा आवाज तीनदा ऐकू आला. तेवढ्यासाठीच तर बसलो होतो.

मायाला पुन्हा सगळं समजावलं. जर्मनीतली टूरिंग कार शर्यत. आठ ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी शनिवारी एक आणि रविवारी एक, ऑक्टोबरात अजिंक्यपद. आपली लेक आम्रपाली गाडी चालवत नाही, चालवणाऱ्याच्या, म्हणजे योनासच्या, कानात रेडिओवरून बोलते. त्याला आत पट्ट्यांनी आवळून बसवलेलं असतं, त्याला फक्त पुढचा रस्ता. हिच्यासमोर सगळे आकडे — टायर, पेट्रोल, कोण किती मागं.

"म्हंजे ही सांगणार आन् त्यो ऐकणार?"

होय म्हणालो.

"मग संसारच की हो," म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

एक गोष्ट मात्र खटकली. संघाच्या गाड्या दोन. एक योनासची, एक फिलिप्पची. फिलिप्पच्या बापाची रंगाची कंपनी आहे, दोन्ही गाड्यांवर नाव तिचंच, दारापासून डिकीपर्यंत. फिलिप्प पार मागं आला. तरी शर्यत संपल्यावर मॅनेजर धावला तो फिलिप्पच्या बापाकडं. योनास हेल्मेट काखेत घेऊन एकटाच उभा. आमूनं जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारली, तेवढीच.

असली माणसं मी पोटभर बघितली आहेत. टॅक्सीच्या आरशात.

२५ मे

आज योनास पहिला. गुणांतही पहिला.

शिराळ्याहून गुंडाचा फोन. "नागसेन, पोरीनं मैदान मारलं की रं!" गुंडा आणि मी महाबळेश्वरला एकाच स्टँडवर टॅक्सी लावायचो. आता त्याच्या दावणीला शर्यतीचे बैल, माझं साताऱ्यात ट्रॅव्हल्सचं ऑफिस. त्याला गाड्या कळत नाहीत, पण जिंकणं कळतं.

आमूशी बोललो. योनासचा बाप ट्रक चालवायचा, तो गेला. आई बेकरीत. यंदा अजिंक्यपद मिळालं तर पुढच्या वर्षी गाडी, नाहीतर कुणी उभं करणार नाही त्याला.

"पप्पा, तो ना... मी जे सांगते ते, म्हणजे — विचारत पण नाही. लगेच."

आमू खरं बोलते तेव्हा वाक्यं अर्धीच टाकते. लहानपणापासून. खोटं बोलायचं असलं की मात्र भाषा एकदम धुतलेली, इस्त्री केलेली. बरणीतला लाडू कमी झाला की ती अशी बोलायची की वाटावं, वक्तृत्व स्पर्धा चालू आहे.

८ जून

चौथा. समुद्राकाठचं मैदान, वारा फार. तरी गुणांत पहिलाच.

६ जुलै

वर महाबळेश्वरात धुवाधार, निम्म्या गाड्या शेडमध्ये झाकून ठेवल्यात. काम नाही. दुपारपासून टीव्हीसमोर.

नॉरिसरिंग. हे मैदानच नव्हे, शहरातले रस्ते. सुसाट सरळ जायचं आणि एकदम वळसा, पसरणी घाटातल्यासारखा. ब्रेकची परीक्षा. योनास पुढं, फिलिप्प त्याच्या मागं. दहा मिनिटं उरलेली. तेवढ्यात आमूचा आवाज, इंग्रजीत —

"योनास, तुझे पुढचे ब्रेक फार तापलेले आहेत. कृपया पुढच्या दोन फेऱ्या गाडी सावकाश चालव."

योनास सावकाश झाला. फिलिप्प बाजूनं निघून गेला. लगेच पुन्हा आमू — "योनास, तुझे ब्रेक आता व्यवस्थित आहेत."

फिलिप्प पहिला, योनास दुसरा. बापानं फिलिप्पला खांद्यावर घेतलं. दारूचे फवारे उडाले. योनासनं टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून — ते तर बघवेना.

माया म्हणाली, "किती स्वच्छ बोलली न्हाई आपली आमू?"

तेच तर.

७ जुलै

आमूचा फोन. मी काही विचारलंही नव्हतं.

"पप्पा, काल ब्रेकचं तापमान मर्यादेच्या बाहेर गेलं होतं, त्यामुळे ड्रायव्हरला तशी सूचना देणं माझं कर्तव्य होतं."

बरं, म्हणालो. जेवलीस का विचारलं. फोन ठेवला.

शिसारी आली. मॅनेजरची आली, त्या रंगवाल्याची आली. आणखी कुणाची आली ते लिहीत नाही.

१३ जुलै

गुंडा आला होता, मुलाच्या लग्नाच्या गाड्या ठरवायला. भाड्यात घासाघीस केली, मग सगळं सांगितलं त्याला. पोट धरून हसला.

"आरं, दोनी गाड्या एकाच धन्याच्या. धनी म्हणंल ती म्होरं. त्यात रडायसारखं काय हाय?"

"तुझ्या दोन जोड्या एकाच फायनलला आल्या तर तू एकीला मागं धरशील?"

"धरली असती. पर बैलाच्या कानात रेडिओ न्हाई ना गड्या." भाड्याचा कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाला, "येक हाय. चालकाला मी सांगितलं असतं, आज तू मागं ऱ्हा म्हणून. त्याला फशिवलं नसतं."

माझ्या मनातलं नेमकं तेच. मागं राहा म्हणा ना सरळ. तो पोरगा ब्रेक तापलेत म्हणून जपून चालवतो, आणि ब्रेक थंडगार.

१० ऑगस्ट

पुन्हा. ह्या वेळी इंजिन तापलं. "योनास, कृपया इंजिनची काळजी घे." पूर्णविरामासकट. योनास मागं, फिलिप्प पुढं. दोघांचे गुण जवळजवळ आले.

टीव्ही बंद केला. माया म्हणाली, "पगार त्यो मॅनेजर देतोय. ती काय करंल?" राग आला. भाकरी अर्धी टाकून उठलो. रात्री शेजारच्या खोलीत माया फोनवर बहिणीला सांगत होती, "ह्यांचं डोकं त्या जर्मनीनं खाल्लंय." भिंत जाड आहे, पण माझे कान ते माझेच.

२५ ऑगस्ट

आमच्या भागातला उगवता पुढारी धैर्यशील ऑफिसात येऊन बसला. सोबत चार पोरं, चौघांच्या कपाळाला गॉगल. संघ गुणांत पहिला आहे असं कुणीतरी त्याला सांगितलंय. रविवारी आमूचा सत्कार. ती जर्मनीत आहे म्हटलं, तर म्हणतो, "काका, तुमी हायसा की. शाल कुणाच्या का खांद्यावर पडंना."

नको म्हणायला हवं होतं. गिऱ्हाइकं बसली होती समोर. हसून हो म्हणालो.

३१ ऑगस्ट

सत्कार झाला. अंघोळ करून लिहायला बसलोय.

चौकात फ्लेक्स. 'जर्मनीत साताऱ्याचा डंका'. वर नेते ओळीनं, मध्ये धैर्यशील कमरेवर हात ठेवून, खाली कोपऱ्यात आमू — पासपोर्टचा फोटो. आणि गाडी म्हणून चिखलातली जीप! फोटो कुठून उचलला देव जाणे. मला फेटा बांधला. तो सैल होता, धरून बसलो.

खरी घाण पुढं आहे. मागच्या खुर्च्यांवर दोघं बोलत होते. मला ऐकू जात नाही अशा समजुतीनं. आयुष्यभर लोकांची हीच समजूत, आणि मी तिच्यावरच मोठा झालो. ड्रायव्हरला कान नसतात असं गिऱ्हाइकाला वाटतं. कुठं हॉटेल उठतंय, कुणाला गाड्या लागणार आहेत, सगळं मी मागच्या सीटवरून ऐकत आलो. इंग्रजीही तिथलीच.

तर एक म्हणाला, "ह्यांच्या पोरीनं त्या गोऱ्या पोराला बरुबर बाजूला सारला म्हणं. खोटंच सांगून."

दुसरा म्हणाला, "लय हुशार. बापावर गेलीया."

कौतुकानं बोलत होते! तेवढ्यात नाव पुकारलं. माइकसमोर उभा राहिलो. 'आभारी आहे' एवढंच बोललो आणि बसलो. विनम्र माणूस म्हणून टाळ्या पडल्या.

१ सप्टेंबर

मीच फोन लावला आमूला. सत्काराचं सांगितलं, मागच्या खुर्चीवरचंही सांगितलं. मग विचारलं, "त्या पोराला ठाऊक आहे का?"

"नाही पप्पा. तो... विश्वास आहे ना त्याचा, म्हणजे मी म्हटलं की... त्याला वाटतं गाडीच..." पुढं रडणं.

ब्रेक कधीच तापले नव्हते, म्हणाली. मॅनेजर तिच्या शेजारी उभा राहून काय बोलायचं ते सांगतो. सरळ 'बाजूला हो' म्हटलं तर जगभर ऐकू जातं, रंगवाल्याची लाज जाते. म्हणून ब्रेक. नाही म्हणाली तर दुसरा माणूस तिच्या खुर्चीत बसणार, आणि नोकरी गेली की व्हिसाही गेला.

मी काय सांगणार? सोडून ये म्हणू? तिनं काय काय सोसून ती खुर्ची मिळवली ते मला माहीत आहे. आडनाव ऐकून खोली नाकारणारे इथं पुण्यातच भेटले तिला. टिकून राहा म्हणू? तेही जिभेवर येईना.

एवढंच म्हणालो, "आमू, मी दर रविवारी ऐकत असतो."

बोलल्यावर वाटलं, हे धमकीसारखं झालं.

१४ सप्टेंबर

योनास पहिला. फिलिप्प पहिल्याच वळणावर वाळूत गेला, त्यामुळे कुणाला काही तापवायची गरज पडली नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

हॉकेनहाईम. शेवटचं ठिकाण. आजच्या शर्यतीनंतर हिशेब सोपा झालाय — उद्या दोघांत जो पुढं, अजिंक्यपद त्याचं.

आमूनं फोन उचलला नाही.

५ ऑक्टोबर

उशीर झालाय, तरी आजच लिहितो.

योनास पहिला, मागं चिकटून फिलिप्प. थोड्याच फेऱ्या राहिलेल्या. गुंडा मुद्दाम आला होता, माया, आम्ही तिघं. रेडिओ खरखरला.

"योनास... तुझे ब्रेक..." आमू थांबली. मागून कुणीतरी पुरुष काहीतरी बोलला. "नाही. ब्रेक ठीक आहेत. कधीच नव्हते ते... मला सांगायला लावतात. तू जा. योनास, जा तू."

मी उभा राहिलो. गुंडा म्हणाला, "काय म्हणाली रं? काय म्हणाली?" अर्धी अर्धी वाक्यं, सगळ्या जगासमोर. माझी पोर!

आणि मग तो योनास. त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकला मी, अगदी शांत. "नाही आमू. ब्रेक तापलेत."

पुढच्या वळणाच्या आधी गाडी बाजूला घेतली. रस्ता दिला. फिलिप्प गेला. फिलिप्प अजिंक्य.

म्हणजे हा पण विकला गेला. रंगवाल्यानं आदल्या रात्री त्यालाही गाठलं असणार. माझी पोर नोकरीवर लाथ मारून खरं बोलते आणि हा दीडदमडीचा तिलाच खोटं पाडतो! तोंडात आले तेवढे शब्द दिले त्याला. गुंडानं टीव्ही बंद केला. आता किळस यायलाही काही उरलं नाही.

६ ऑक्टोबर

आमूचा फोन. तिची नोकरी राहिली. मॅनेजर म्हणाला, ड्रायव्हरच ब्रेक तापलेत म्हणतोय, तेव्हा विषय संपला. योनासला पुढच्या वर्षी गाडी नाही.

त्याला नॉरिसरिंगपासूनच माहीत होतं, काल रात्री त्यानंच आमूला सांगितलं. आपण ऐकलं नाही तर हिला खुर्चीतून उठवतील, म्हणून दर वेळी मागं होत गेला. "पप्पा, ब्रेक त्याच्या पायाखाली असतात," आमू म्हणाली, "त्याला कसं नाही कळणार?"

आयुष्यभर घाट उतरवले मी. आख्खा हंगाम कान लावून बसलो, आणि त्याच्या पायाचं माझ्या डोक्यातच आलं नाही.