कडक उपास

५ जानेवारी
आलो एकदाचा बेळगावात! अनगोळला ऐसपैस खोली मिळाली, कुंदाही चाखला. हॉस्पिटलमधलं रेडिएशनचं मशीन नवंकोरं आहे. माणसं मात्र गावठी. किरणोपचाराची आखणी करायला पुण्याहून मला का बोलावलं, ते कळलं.

१२ जानेवारी
पहिला पेशंट रवळू, खानापूरकडचा म्हातारा शेतकरी, स्वादुपिंडाचा कॅन्सर. जठर गाठीला अगदी खेटून आहे. पोट रिकामं असेल तर ते किरणांतून वाचतं, भरलं की फुगून थेट किरणांत येतं. म्हणून बजावलं, रोज उपास करून यायचं. बायको मालुबाईने हात जोडले, "व्हय साहेब, कडक पाळतो." एवढं तरी डोक्यात शिरलं, नशीब.

२२ जानेवारी
टेक्निशियन त्रिशला म्हणते, रोजच्या स्कॅनमध्ये जठर फुगलेलं दिसतंय, आजोबांना विचारूया. निपाणीची पोरगी मला शिकवणार! हवा असेल, म्हटलं. मणका पहिल्या स्कॅनशी जुळतोय ना? मग चालव मशीन.

१३ फेब्रुवारी
रवळूला रक्ताची उलटी झाली. जठर भाजलंय. मालुबाईला फैलावर घेतलं, तर म्हणते, "एक दिस उपास मोडला न्हाय. निघताना वाटीभर साबुदाण्याची खिचडी, दुसरं कायबी न्हाय."
त्रिशला पांढरीफटक पडली. तिच्या जैन घरात उपास म्हणजे अन्नाचा कणही नाही. माझी आई मात्र दर एकादशीला खिचडीच करते. मला कळायला हवं होतं. 'उपाशी' म्हणायचं होतं.
डॉक्टरांना सांगितलं, पेशंटने ऐकलं नाही. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

१६ फेब्रुवारी
रवळू गेला. अडाणीपणाने गेला, दुसरं काय!
दुपारी नव्या पेशंटचं जठर स्क्रीनवर आखत होतो. आत गोल गोल दाणे दिसले. त्रिशलाला दाखवले, तिला काहीच दिसेना. आंधळी आहे.

१८ फेब्रुवारी
पोटात आग. पाणीसुद्धा जात नाही. तोंडात सारखी जिऱ्याची, शेंगदाण्याच्या कुटाची चव — कुठून येते?

१९ फेब्रुवारी
माझा स्कॅन काढला. जठर भरलेलं — गच्च. दोन दिवस काही खाल्लं नाही, आईशप्पथ — त्रिशला म्हणाली, हवा असेल.

२० फेब्रुवारी
उलटी. रक्त — त्यात पांढरे दाणे, शिजलेले. भीती वाटते. मालुबाई, चुकलो — शब्द माझा चुकला —
डॉक्टर विचारतात, काय खाल्लं. काही नाही, म्हटलं. ते लिहितायत — पेशंटने ऐकलं नाही — अहो, मी उपा—